‘अ’ आणि ‘नगर’ यांच्या मधली जागा

संध्याकाळी मी लॅपटॉप मिटला की पप्पा विचारायचे, "आज तुझ्या तालुक्यात राज्य कोनाचं?"

त्या दिवसांत मी लिथुएनियातल्या एका जुन्या जिल्ह्याबद्दल लिहीत होते. माझं काम घरूनच चालतं. परदेशातल्या शाळकरी मुलांसाठी धडे तयार करणारी एक कंपनी आहे. ती गावं वाटून देते आणि आम्ही त्यांचा इतिहास सोप्या इंग्रजीत लिहून पाठवायचा. माझ्या वाट्याला झरासाय आलं होतं. लाटवियाच्या सीमेजवळ, तळ्यांच्या मधे वसलेलं लहानसं गाव, आणि एके काळी त्या गावावरून ओळखला जाणारा जिल्हा. आपल्या तालुक्यापेक्षा मोठा, आपल्या जिल्ह्यापेक्षा बराच लहान. पप्पांनी पहिल्याच दिवशी त्याचा तालुका करून टाकला.

"झारचं राज्य," मी सांगायचे.

"कालबी त्याचंच हुतं की."

"शंभर वर्षांहून जास्त होतं, पप्पा."

"मग सावकाश लिही. घाई न्हाई त्याला."

पप्पा बेलापूरचे पेंटर. भिंती रंगवणारे नव्हे, पाट्या रंगवणारे. किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, शाळा, दवाखाने, टेम्पोच्या मागच्या ओळी, लग्नाच्या मांडवावरचं सुस्वागतम, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आल्यावर काम हळूहळू आटलं, पण पूर्ण थांबलं नव्हतं. ते थांबलं गेल्या वर्षी, उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा. पाय बऱ्यापैकी परत आला, बोलणं परत आलं, हात अर्धाच आला. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या. पप्पा रबरी चेंडू दाबायचे, मम्मीच्या शिवणकामाच्या चिंध्यांच्या घड्या घालायचे, पण ब्रशांना हात लावायचे नाहीत. ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवले होते. ते खाली काढावेत असं आमच्यापैकी कुणीच म्हणत नव्हतं.

ब्रशांच्या बदली त्यांनी माझा तालुका धरला. मी वाचून दाखवायचे आणि ते मधे मधे अडवायचे.

इतिहास थोडक्यात असा होता. पोलंड आणि लिथुएनियाचं मोठं राज्य शेजाऱ्यांनी वाटून घेतलं आणि हा भाग रशियाच्या झारकडे गेला. पुढे एका झारने गावाला आपल्या घरातल्या माणसाच्या नावावरून नवं नाव दिलं, नोव्होअलेक्सांद्रोव्हस्क. जिल्ह्यालाही तेच नाव लागलं. पहिल्या महायुद्धात जर्मन आले. मग लिथुएनिया स्वतंत्र झाला, झारचं नाव पुसलं गेलं आणि तळ्यावरून एझेरेनाय असं नाव ठेवलं गेलं. काही वर्षांनी तेही बदलून झरासाय झालं. मग सोव्हिएत, मग पुन्हा जर्मन, मग पुन्हा सोव्हिएत. दुसऱ्या खेपेला आलेल्या सोव्हिएत राजवटीने जुने जिल्हेच मोडले आणि त्यांचे छोटे विभाग पाडले. आज झरासाय गाव आहे. तो जिल्हा नाही.

"झरा हाय की त्यात," पप्पा म्हणाले. "झरा-साय. तळ्याच्या गावाला बरं नाव हाय."

लिथुएनियन भाषेत त्या नावाचा झऱ्याशी काही संबंध नाही, असं मी सांगितलं. ते त्यांना पटलं नाही.

"आनि त्या मधल्या लांबलचक नावाची पाटी कशी बसवली असंल? किती अक्षरं म्हनली?"

मी रशियन लिपीत ते नाव लॅपटॉपवर मोठं करून दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले. डावं बोट हवेत फिरवत होते, कुठून सुरुवात, कुठे शेवट.

"राजा बदलला की पाटी बदलली," ते म्हणाले. "पाटी रंगवनारा तोच असंल का दर येळी नवा आनीत असतील?"

मी शोधलं. राजांबद्दल पुष्कळ होतं. पाट्या रंगवणाऱ्यांबद्दल कुणीच काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्यांना इतकी आवडली की ती त्यांनी मला दोनदा सांगायला लावली. झारच्या राजवटीने चाळीस वर्षं लिथुएनियन भाषा रोमन अक्षरांत छापायला बंदी घातली होती. छापायचं तर रशियन अक्षरांत. लोकांनी ती पुस्तकं घेतली नाहीत. सीमेपलीकडे आपल्या अक्षरांत छापून घेतलेली प्रार्थनेची पुस्तकं गवताच्या गाड्यांतून, पोत्यांतून, अंगावरच्या कपड्यांखालून आणली. पकडलेल्यांना दूरच्या मुलखात पाठवलं जायचं.

"अक्षरं चोरून आनली?"

"हो."

"सोनं न्हाई, काय न्हाई. अक्षरं," पप्पा म्हणाले, आणि उठून अंगणात गेले.

मसुदा पाठवला तर तो परत आला. तपासणाऱ्या बाईंनी एकच वाक्य लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा की हे राजांचं वेळापत्रक झालं आहे, गावातली माणसं कुठे आहेत. मला राग आला नाही, कारण ते खरं होतं. मी राजे लिहिले होते कारण राजे सापडत होते. दुसऱ्या महायुद्धात त्या गावातल्या ज्यू लोकांना मारून टाकलं होतं. ते त्या गावाला आपल्या बोलीतल्या नावाने ओळखायचे, तेही तळ्यावरूनच आलेलं. झारचं नाव पाटीवर होतं तेव्हाही ते घरात तेच म्हणत. हे मी एका ओळीत उरकलं होतं. एका ओळीत उरकण्यासारखं ते नव्हतं, पण पुढे काय लिहावं हे मला कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. ते पप्पांच्या बरोबरीचे, शाळेपासूनचे. मी त्यांना काका म्हणते. चहा घेतल्यावर त्यांनी मोबाईल काढला आणि एक फ्लेक्स दाखवला. निळ्या रंगाचा, कोपऱ्यात पुस्तकाचं चित्र, खाली पत्ता: मु. पो. बेलापूर, ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर.

"जिल्ह्याचं नाव बदललं, तर आता पाटी बी बदलावी म्हनलं," काका म्हणाले. "बाजाराच्या दिवशी लावायचा ठराव झालाय. म्हनलं तुझ्या कानावर घालावं आधी. जुनी पाटी तुझ्या हातची हाय."

पप्पा म्हणाले, "जुनीचं काय करनार?"

काका चहाच्या कपाकडे बघू लागले. पत्र्याची पाटी, सागाची चौकट. भंगारवाला दारावर येतोच.

ती पाटी पप्पांनी लग्नाआधी रंगवली होती. पिवळ्यावर निळी अक्षरं. दर पावसाळ्यानंतर ते ती कापडाने पुसायचे. गावात त्यांच्या पाट्या एकेक करून उतरत गेल्या होत्या आणि त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. ही उतरली असती तर बाजारपेठेत त्यांच्या हातचं एकही अक्षर उरलं नसतं. मम्मीने शिलाई मशीन थांबवलं.

"जिल्ह्याचं नावच बदलायचं हाय ना," पप्पा म्हणाले. "बाकी बेलापूर तर बेलापूरच हाय?"

"व्हय."

"मग तेवढंच बदलून देतो. बाजाराच्या आधी. न्हाई जमलं तर लाव तुझा फ्लेक्स."

काकांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "हात ही देनार हाय," ते म्हणाले.

मला कुणी विचारलं नव्हतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी विषय होता, पण पास होण्यापुरता. माझं देवनागरी अक्षर तिसरीतल्या मुलीसारखं आहे आणि चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की मी कामं काढून घरात राहते. काका गेल्यावर मी हे सगळं बोलून दाखवणार होते. पण पप्पा कपाटाकडे बघून म्हणाले, "ते कागद खाली काढ बरं." मग मी काढले.

पाटी उतरवून वाचनालयाच्या ओट्यावर दोन बाकांवर आडवी ठेवली. पप्पा खुर्चीत, मी जमिनीवर गुडघे टेकून. बाजारपेठ आमच्या पाठीशी. समोर चहाची टपरी.

मला वाटलं होतं की 'अहमदनगर' सगळं खरवडून नवं लिहायचं. पप्पांनी मान हलवली. डाव्या हातातल्या खडूने त्यांनी पाटीवर दोन रेघा मारल्या.

"अ ऱ्हाईल. ह ऱ्हाईल. नगर तर ऱ्हाईलच. जातात फक्त म आनि द."

मी त्या अक्षरांकडे पाहिलं. इतके महिने वर्तमानपत्रांत, टपऱ्यांवर, आमच्या घरीसुद्धा या नावावर वाद ऐकले होते. कुणाला आनंद होता, कुणाला नव्हता. पण पत्र्यावर बदलायची होती फक्त दोन अक्षरं. तेवढे म आणि द मी लोखंडी पातीने खरवडले, घासले, वर पिवळा दिला. डब्यातला पिवळा जास्त भडक होता. पप्पांनी त्यात थोडा पांढरा आणि चिमटीभर तपकिरी मिसळायला लावला, जुन्या उन्हाचा रंग येईपर्यंत. रंग वाळायला दिवस गेला. तेवढ्या वेळात पाटीवर 'अह' आणि लांबवर 'नगर' एवढंच होतं.

टपरीवाला येता-जाता वाचायचा. "अह... नगर. पेंटर, पाटीला उचकी लागली का?"

"पानी पाज तिला," पप्पा म्हणायचे. "आमाला चहा पाज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडूने अक्षरं आखली. 'ल्या' मी घरी कागदावर पुष्कळदा गिरवलं होतं, अर्धा ल, मग या. वेलांटीचं विचारलं तर पप्पा खुर्चीतून वाकून जागा बघू लागले. अ आणि ह अगदी शेजारी-शेजारी होते, मधे जेमतेम फट. 'ह'च्या उजवीकडे मात्र मोकळी पिवळी जागा.

"उजवीकडं जागा हाय," ते म्हणाले. "तिथंच दे."

मी दिली. हात टेकायची काठी पाटीवर आडवी धरून, श्वास रोखून, वरून खाली एक निळी रेघ आणि डोक्यावर कमान. मग ल्या. मागे माणसं उभी आहेत हे मला कळत होतं, पण मी वळून पाहिलं नाही. संपल्यावर पप्पा म्हणाले, "लई बेस," आणि मला इतका आनंद झाला की मी ब्रश टर्पेंटाईनऐवजी चहाच्या ग्लासात बुडवला.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन एक बाई थांबल्या. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय, मला सोडून.

"पेंटर," त्या म्हणाल्या, "अहिल्येला वेलांटी पहिली की दुसरी?"

पप्पांनी पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पाटीकडे.

"जागा उजवीकडं हुती, बाई."

"जागा होती म्हणून दुसरी दिलीत? उद्या भिंतीवर जागा असली तर काना पण द्याल."

टपरीवाला हसला. "बाई, लेक इंग्लिश मीडियमची हाय. तिकडं एकच आय असतो. पयली न्हाई, दुसरी न्हाई."

"तिला नको बोलू," पप्पा म्हणाले. "मीच सांगितलं. मी जागा बघितली, शब्द बघितलाच न्हाई."

बाई मला म्हणाल्या, "अगं, रंग ओला आहे तोवर पूस. लाज वाटून घेऊ नकोस. फळ्यावर मी स्वतः कितीदा चुकलेय." आणि त्या तिथेच पिशवी खाली ठेवून थांबल्या, जाण्याचं नाव नाही.

मी फडक्याने ती रेघ पुसली. निळा थोडा पसरला, तोही पुसला. आता वेलांटी डावीकडे, अ आणि ह यांच्या मधल्या फटीत बसवायला हवी होती. पप्पांनी तीस-एक वर्षांपूर्वी ती फट सोडली तेव्हा तिथे काही येईल अशी कुणाची कल्पना नव्हती. मी बारीक ब्रश घेतला. काठी धरली. ब्रश पाटीच्या जवळ नेला आणि परत आणला. दोनदा. 'अ'ला धक्का लागला असता तर ते पप्पांचं अक्षर होतं, माझं नव्हतं.

त्याच वेळी काका आले. बाजार उद्यावर होता. त्यांच्या हातात मोबाईल होता, फ्लेक्स दाखवला होता तोच.

"सरक," पप्पा म्हणाले.

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. ब्रश उजव्या हातात घेतला, तो डाव्याने धरून बोटांत बसवला. काठीवर मनगट टेकलं. मी काठीचं दुसरं टोक धरलं, एवढंच माझं काम. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. मला वाटतं तो मुद्दाम केला.

हात थरथरत होता. पप्पांनी ब्रश लगेच टेकवला नाही. थरथर वर-खाली जात होती, आणि वेलांटीची रेघही वरून खालीच येते. त्यांनी थरथरीबरोबरच ब्रश खाली आणला. सुरुवातीला रेघ जरा हलली, मग फटीतून सरळ उतरली, 'अ'ला न शिवता. मग कमान, 'ह'च्या डोक्यावरून. ती एका दमात झाली.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर," जसं वहीवर शेरा मारावा तसं. मग पिशवी उचलून गेल्या.

"ही जागा रिकामी दिसती," काका म्हणाले. ह आणि ल्या यांच्या मधे, जिथे माझी चुकीची रेघ होती, तिथे पिवळा मोकळा राहिला होता.

"दिसू दे," पप्पा म्हणाले. "अक्षरं काय एस्टीत बसल्यात व्हय, दाटीवाटीनं?"

काकांनी मोबाईल खिशात टाकला. "टांगा मग उद्या सकाळी. फ्लेक्स छापायला दिला नव्हता अजून."

"मला म्हाईत हुतं," पप्पा म्हणाले.

"तुला काय म्हाईत हुतं?"

"तू पैशे आधी देत न्हाईस कोनाला."

त्या रात्री त्यांनी जेवताना चमचा उजव्या हातात घेतला. आमटी सांडली. मम्मीने ताट थोडं पुढे सरकवलं.

मी लॅपटॉप उघडला आणि धड्याची सुरुवात बदलली. राजे पुढच्या परिच्छेदात नेले. आधी तळं लिहिलं. त्या तळ्यावरून तिथल्या लोकांनी आपल्या गावाला काय काय म्हटलं, लिथुएनियन बोलणाऱ्यांनी काय, ज्यू घरांत काय, आणि झारची पाटी लागलेली असतानाही ती नावं तोंडात कशी राहिली, हे लिहिलं. त्या घरांतली माणसं कशी मारली गेली हे एका ओळीत उरकलं नाही. शेवटी पाटी रंगवणाऱ्यांबद्दल एक वाक्य घातलं, की त्यांची नावं सापडत नाहीत, पण ती माणसं असणारच, आणि त्यांतल्या एखाद्याने एकाच आयुष्यात एकाच गावाची तीन नावं रंगवली असतील. तपासणाऱ्या बाईंनी ते वाक्य ठेवलं.

पप्पांना वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "आपलंबी तसंच की. स्टेशनचं नाव बेलापूर, आनि स्टेशन श्रीरामपुरात. निजामशाही झाली, मुघल झाले, मराठे झाले, इंग्रज झाले. गाडीत बसनारा अजूनबी म्हनतो, नगरला चाललोय."

"तुम्ही पण तसंच म्हणता."

"मग काय म्हनू? एवढं लांब नाव घेईस्तवर गाडी सुटंल."

पाटी आता पुन्हा वाचनालयाच्या दारावर आहे. खालून बघितलं तर काही कळत नाही. मला मात्र वेलांटीचं वरचं टोक दिसतं, जिथे ती जराशी हलली आहे, आणि त्यानंतरची सरळ रेघ.

परवा टपरीच्या शेजारचा किराणावाला घरी आला. त्याच्या शटरवर पप्पांनीच लिहिलं होतं, पण पंधरा वर्षांत त्यावर इतकी धूळ आणि इतके पोस्टर बसले होते की ते आम्ही सगळेच विसरलो होतो. पोस्टर काढल्यावर अक्षरं निघाली. त्याला जिल्ह्याचं नाव बदलून हवं होतं.

पप्पा स्वतः बघायला गेले. मीही गेले. शटरवर लिहिलं होतं: जि. अ.नगर. जागा कमी म्हणून तेव्हा लोक असंच लिहायचे, अजूनही लिहितात.

पप्पांनी कमरेवर हात ठेवून अक्षरं न्याहाळली. मग म्हणाले, "यात बदलायचं काय? अ हाय, नगर हाय."

"अहो, अ म्हंजी अहमद हुतं ना तवा."

"मग आता अहिल्या म्हन. अ तोच."

"पन गिऱ्हाइकाला कसं कळंल, कुठला अ?"

"तुझं गिऱ्हाईक शेंगदाने घ्यायला येतं का जिल्हा घ्यायला?"

आजारानंतर पहिल्यांदाच त्यांनी चालून आलेलं काम परत पाठवलं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. किराणावाला विचारात पडला. मग म्हणाला, "मग आसं करा, पेंटर. हाय तेच उजळून द्या."

"उजळून देतो," पप्पा म्हणाले.

येत्या सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा आम्ही जाणार आहोत. डबे मी आवरून ठेवलेत. अ आणि नगर पप्पा करणार आहेत. मधलं टिंब माझ्याकडे दिलंय.